ब्रेकमधली हवा आणि आपली हवा

ज्या गृहस्थाची गल्लीत थोडीबहुत हवा आहे, त्याने मोटारसायकलच्या ब्रेकमधली हवा काढून घेण्यासाठी मेकॅनिकच्या दारात उभे राहणे मुळीच शोभत नाही. ब्रेकचा लिव्हर काळ्या पडलेल्या केळासारखा मऊ लागू लागला आणि दोन-तीनदा दाबल्याखेरीज गाडी थांबेनाशी झाली, की आपले कर्तृत्व अंगणात मांडण्याची वेळ आली असे समजावे. मुहूर्त म्हणून जळगाव-भुसावळकडची मे महिन्यातली दुपार उत्तम. पारा 45 अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या शेडखाली बसलेल्या माणसाला शहाणपण शिकवायला कोणी फिरकत नाही.

आरंभ ब्रेक ऑइलपासून करावा. नवी सीलबंद बाटली आणणे हा उधळेपणा होय. विशेषतः मागच्याच महिन्यात आपण म्हशीला बिचकवणारा हॉर्न बसवून घेतला असेल, तर काटकसर कोठूनतरी करायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी अर्धी वापरून ठेवलेली, झाकण सैल झालेली बाटली कूलरशेजारच्या कोनाड्यात असतेच. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते असे जाणकार सांगतात, परंतु जेथे टँकरची वाट पाहावी लागते, त्या मुलखात बाटलीला पाणी कोण देणार? कूलर दिवसभर तिच्या तोंडावर दमट वारा सोडत असतो, तो हिशेबात धरू नये. डॉट 4 प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो आणि 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तो 155 अंशांवर आला तरी मानकाला चालतो. मानकाला जे चालते ते आपल्याला का चालू नये? हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट 4 असे कोरलेले असताना डॉट 5 ओतण्याचा मोहही आवरू नये, कारण पाच हा आकडा चारापेक्षा मोठा आहे हे आपण बालवाडीत शिकलो आहोत. डॉट 5 सिलिकॉनचे असते, ते ग्लायकॉलच्या डॉट 4 मध्ये मिसळत नाही, आणि डॉट 5.1 मात्र पुन्हा ग्लायकॉलचेच असते, हा सारा तपशील केवळ आपला गोंधळ उडवण्यासाठी रचलेला आहे. काहीच न मिळाल्यास इंजिन ऑइल आहेच. तेही नावाने ऑइलच. आतली रबरी सीले त्याने फुगतात, पण ती बाहेरून दिसत नाहीत.

हँडलवरच्या त्या छोट्या टाकीचे झाकण दोन नाजूक चौफुली स्क्रूंनी बसवलेले असते. ते उघडण्यासाठी घरातला मिक्सर दुरुस्त करून झिजलेला स्क्रूड्रायव्हर वापरावा, म्हणजे स्क्रूची चौफुली एका फिरक्यात गोल होते आणि पुढचा पाऊण तास छिन्नी-हातोडीने रम्य जातो. या खटाटोपात चार थेंब पेट्रोलच्या टाकीवर पडतील, तर ते तत्काळ पाण्याने धुऊ नयेत. हे द्रव रंग खाते. ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ या स्टिकरच्या कडेचा रंग आधी सुरकुततो, मग पापडासारखा फुगतो, आणि बोट लावताच बोटाला चिकटून येतो. हे दृश्य जवळून पाहण्यासारखे आहे.

चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरवर हवा बाहेर सोडण्यासाठी एक ब्लीडर निपल असतो, त्याला नळी लावावी लागते. भित्रे लोक सलाईनची पारदर्शक नळी लावतात आणि तिचे दुसरे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवतात, म्हणजे बुडबुडे मोजता येतात. आपल्या शेतात ठिबकची नळी मुबलक आहे. ती काळी असल्यामुळे आतला एकही बुडबुडा दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो नाहीच, असे मानल्यास काम फार लवकर आटोपते.

यानंतर लिव्हर दाबायला पुतण्याला बोलवावे, मात्र त्याच्या कानात इअरफोन असल्याची खात्री करून घ्यावी. शास्त्र असे की लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करायचा, ऑइल आणि हवा बाहेर आली की निपल आवळायचा, आणि मगच लिव्हर सोडायचा. आपल्या अंगणात हा क्रम असा चालतो:

“दाब रे.”

“दाबला, काका.”

“दाबून धर, सोडू नको.”

“सोडू ना?”

“सोडू नको म्हटलं भो!”

“सोडला.”

निपल उघडा असताना लिव्हर सुटला की बाहेर निघालेली हवा आत परत ओढली जाते, आणि अशा रीतीने तासाभरात तीच हवा वीसेक वेळा बाहेर-आत करता येते. वरच्या टाकीतली पातळी खिडकीतल्या खालच्या खुणेखाली गेली की वरूनही हवा शिरते. तेव्हा तिकडे सारखे डोकावणे म्हणजे नशिबावर अविश्वास दाखवणे होय. शेवटी निपल आवळताना ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळणारा हात वापरावा. निपल आतून पोकळ असतो, हे तो तुटल्यावर स्पष्ट दिसते.

चुकून निपल शाबूत राहिलाच, तर गाडी गल्लीत ढकलत नेऊन ब्रेक तपासण्याचा पोरखेळ करू नये. सौभाग्यवतींना मागे बसवून, कन्नडची भेटगाठ उरकून, परतीला थेट चाळीसगावकडचा घाट उतरावा. सतत दाबलेल्या ब्रेकची उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तेथून ऑइलमध्ये जाते, मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ खुशाल दाबली जाते. म्हणून लिव्हर अलगद हँडलला टेकतो. घाटाच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे, भास्कराचार्यांशी नाते सांगणारे ठिकाण, तेव्हा थोडे गणितही व्हावे: ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते, आणि लिव्हर पुन्हा दाबून पाहायला तेवढा एक सेकंद लागतोच.

पण बहुधा निपल तुटलेलाच असतो, आणि त्यातच आपले कल्याण असते. संध्याकाळी गाडी मालवाहू रिक्षात चढवून मेकॅनिककडे न्यावी. तो खाली वाकून कॅलिपर पाहील, टाकीच्या रंगावरून बोट फिरवील आणि काही न बोलता आपल्याकडे पाहील. तेव्हा रुमालाने घाम पुसत, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे, “बाकीचं सगळं मी घरीच केलंय, भाऊ. तुम्ही फक्त तेवढा निपल बघा.”