पेजफाइल बंद केल्याने एडिटिंग वेगवान होत नाही

‘विंडोजची व्हर्च्युअल मेमरी (पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) बंद करा, प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये इतर प्रोग्रॅमसाठी राखलेली रॅम अगदी कमी करा, एडिटिंग दुप्पट वेगाने होईल’ असा सल्ला फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १६ जीबीच्या मशीनवर तर नुकसानीचा.

प्रोग्रॅमने मागितलेली मेमरी देण्याची हमी विंडोज रॅम आणि पेजफाइल यांच्या बेरजेइतकीच देते. प्रोग्रॅम वापरतात त्याहून जास्त मागून ठेवतात. त्यामुळे पेजफाइल काढल्यावर टास्क मॅनेजरमध्ये रॅम मोकळी दिसत असतानाही मेमरी संपल्याचा इशारा येतो, किंवा एक्स्पोर्ट अर्ध्यावर कोसळतो. तिथे ‘इन यूज’ नव्हे, ‘कमिटेड’चा, म्हणजे मागून ठेवलेल्या मेमरीचा आकडा पाहायचा.

पेजफाइल बंद केली असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सची सेटिंग्ज, पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड आणि मग चेंज असे जाऊन ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर खूण करा, रीस्टार्ट करा. प्रीमियरमध्ये १६ जीबीत इतर प्रोग्रॅमसाठी ४ जीबीच्या आसपास राखून ठेवा. ब्राउझर उघडा ठेवायची सवय असेल तर थोडी जास्तच.

रॅमचा वेग वाढवायचाच असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग सुरू आहे का बघा. ते बंद असल्यास ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम बहुधा २१३३ ते २६६६ वर चालते. चार स्लॉटच्या बोर्डावर रॅमच्या दोनच पट्ट्या असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा.

४के एच.२६५ (खूप दाबून लहान केलेल्या व्हिडिओचा प्रकार) फुटेज टाइमलाइनवर अडखळते ते बहुतेक वेळा डीकोडिंगमुळे, म्हणजे तो दाबलेला व्हिडिओ उलगडण्याच्या कामामुळे. त्यावर उपाय प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या बनवलेल्या हलक्या प्रती.