कंटेनर कसारा घाटात होते

आज सकाळी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटबाहेर चहा घेताना एक गृहस्थ ठामपणे सांगत होते की, आयात-निर्यात सरकारने वाटेल तेव्हा सुरू करावी, वाटेल तेव्हा बंद करावी, न्यायालयांनी त्यात पडूच नये. मी काही न बोलता उठलो, पण बेलापूरला पोहोचेपर्यंत ते वाक्य मनातून जाईना.

७ डिसेंबर २०२३ च्या रात्री माझ्या मामांचे कांद्याचे दोन कंटेनर निफाडहून न्हावा शेवा बंदराकडे निघाले होते. ते कसारा घाटात असतानाच निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, आणि मामांना ती सकाळी माझ्या फोनवरून कळली. मान्य करतो, कायद्याच्या दृष्टीने त्यांची बाजू लंगडी होती: अधिसूचनेपूर्वी सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेलेल्या मालाला सवलत होती, रस्त्यावरच्या मालाला नव्हती. शहरातल्या स्वयंपाकघरांचाही विचार सरकारला करावा लागतो, हेही खरे.

परंतु म्हणून सरकारची मर्जी म्हणजेच कायदा, असे होत नाही. निर्यात रोखण्याचा अधिकार केंद्राला मिळतो तो परकीय व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ च्या कलम ३ मधून, म्हणजे संसदेने दिला म्हणून, आणि तोही राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या आदेशानेच वापरता येतो. हे धोरण राबवणारे केंद्राचे अधिकारी, म्हणजे परकीय व्यापार महासंचालक, यांना स्वतःच्या सहीने धोरण बदलता येत नाही. कराच्या बाबतीत तर राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ स्पष्टच आहे: कायद्याच्या आधाराशिवाय एक रुपयाही कर घेता येणार नाही. हे सारे त्या गृहस्थांना अडथळे वाटतात, याचाच मला संताप येतो.

पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी राजपत्राच्या संकेतस्थळावर आली. त्याच दिवशी, पण तिच्या आधी, अटारीच्या सीमेवर ज्यांची आयातीची कागदपत्रे दाखल झाली होती त्यांच्याकडूनही सरकारने नवे शुल्क मागितले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली. देश संतापलेला असतानाही न्यायालयाने घड्याळ पाहिले. हा मला या देशाचा मोठेपणा वाटतो.

मामांना त्या निकालाचा उपयोग नव्हता, कारण त्यांचा माल बंदराच्या गेटपर्यंत पोहोचलाच नव्हता. दोन्ही कंटेनर कळंबोलीहून मागे वळवून त्यांनी याच वाशीच्या मार्केटात मिळेल त्या भावाने रिकामे केले. पुढे ४ मे २०२४ रोजी, किमान निर्यात मूल्य (ज्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क ठेवून, बंदी उठली. त्या दिवशी मी उत्साहाने फोन केला, तेव्हा मामांनी सरकारविषयी अवाक्षरही काढले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “आता सांगतील ना रे, निदान गाडी भरायच्या आधी?”

कायदा त्यांना असे कोणतेही आश्वासन देत नाही. मला ते तसे सांगवले नाही.