सर्व्हिस चालू आहे, घड्याळाचं काय?

काल रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज: "मामा, हे वाचलंस? मग आमचा घड्याळाचा अलर्ट काढून टाकू का?" पोरीची पहिलीच नोकरी, सर्व्हर सांभाळायची. सोबत तोच फॉरवर्ड, जो आठवडाभर माझ्याही ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं: एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत) एकदा चालू केलं की सर्व्हरच्या वेळेवर लक्ष ठेवणं हा रिकामटेकडा उद्योग. खाली "सगळ्या ॲडमिनना पाठवा". पाठवण्याआधी एखाद्याला विचारलं असतं तर!

"सर्व्हिस रनिंग दिसली की वेळ बरोबर." अजिबात नाही. फायरवॉलने यूडीपी १२३ पोर्ट, म्हणजे एनटीपीची वाटच, अडवलं तरी क्रोनी (एनटीपीने घड्याळ जुळवणारी सर्व्हिस) आपली चालूच राहते. स्टेटस हिरवं, आणि घड्याळ मात्र मशीनमधल्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या मर्जीवर. दशलक्षात वीसची चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ मिनिट. 'क्रोनीसी सोर्सेस' ही कमांड चालवून रीचचा रकाना बघा. ३७७ म्हणजे मागच्या आठही विचारणांना उत्तर आलं, ० म्हणजे एकालाही नाही.

त्याहून कहर पुढचा मुद्दा: "फरक वाढला तर एनटीपी आपोआप दुरुस्त करतं." अहो, फरक फार वाढला की तर ते हात वर करतं! एनटीपीडी, क्रोनीसारखंच काम करणारं जुनं सॉफ्टवेअर, १००० सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की मुळात बंदच पडतं. क्रोनीच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये घड्याळ एकदम सरकवायची मुभा फक्त पहिल्या तीन अपडेटपुरती. नंतर ते हळूहळू ओढत आणतं, तासाभराचा फरक भरून काढायला पूर्ण वेगानेही बारा तास. तेवढ्या वेळात लॉगची (मशीनने वेळेसह केलेल्या नोंदींची) जी खिचडी होते, ती निस्तरायला फॉरवर्डवाले येणार नाहीत.

"दोन-चार सेकंदांनी काय बिघडतं?" इथे अर्धं खरं आहे, मान्य करतो. कर्बेरॉस (नेटवर्कवर ओळख तपासणारी लॉगिन यंत्रणा) पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं. पण ऑथेंटिकेटर ॲपमधला ओटीपी ३० सेकंदांच्या खिडकीवर चालतो, आणि दोन मशीनचे लॉग जुळवताना कोणती नोंद आधीची हे दोन सेकंदांतच ठरतं. सर्ट-इनने (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलंय ते उगाच नाही.

"एक भरवशाचा सोर्स पुरे." सोर्स म्हणजे वेळ देणारा सर्व्हर. १९ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या एनटीपी सर्व्हरनी काही काळ साल २००० सांगितलं. याहून भरवशाचा सोर्स कुठला आणणार? आरएफसी ८६३३ (जुलै २०१९) हा एनटीपी कसं वापरावं सांगणारा दस्तऐवज एकदा उघडून वाचा. किमान चार स्वतंत्र सोर्स ठेवा आणि मॉनिटरिंग करा, दोन्ही स्वच्छ लिहिलंय.

भाचीला कळवलं: अलर्ट काढू नकोस. आत्ता तो फक्त सर्व्हिस चालू आहे का एवढंच बघतो, त्याऐवजी ऑफसेट (खऱ्या वेळेपासूनचा फरक) आणि रीचवर लाव, आणि एक तपासणी दुसऱ्या मशीनवरून ठेव. चुकलेलं घड्याळ स्वतःबद्दल काय सांगणार?