'गरीब देशात कोरोनाने कमी माणसं गेली' हा फॉरवर्ड चुकीचा आहे

आमच्या कळव्याच्या सोसायटी ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की इटली-अमेरिकेत एवढे लोक गेले आणि आपल्याकडे कमी, कारण गरिबाची इम्युनिटी भारी. अहो, तसं नाहीये. इटलीत निम्मे लोक पंचेचाळीशीच्या पुढचे, आपल्याकडे निम्मे तिशीच्या आतले, आणि हा आजार म्हाताऱ्यांनाच जास्त जीवघेणा ठरतो, मग नुसते आकडे शेजारी ठेवून काय कळणार?

शिवाय मोजलं किती तेही बघा. २०२०-२१ मध्ये भारतात सरकारी आकडा पावणेपाच लाखांच्या आसपास, डब्ल्यूएचओचा अंदाज ४७ लाख. सरकारला तो मान्य नाही, पण सगळे मृत्यू नोंदले गेले नाहीत हे आपण डोळ्यांनी बघितलंय ना.

दक्षिण अमेरिकेतला पेरू देश घ्या. लोकसंख्या तरुण, तरी मे २०२१ मध्ये मृत्यूंची फेरमोजणी केली तर ६९ हजारांचे एकदम १ लाख ८० हजार झाले. बहुतेक लोक रोजंदारीवर, कितीतरी घरात फ्रीज नाही म्हणून रोज बाजारात जायचं, त्यात ऑक्सिजन मिळेना.

आमच्या मागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहायचे, लॉकडाऊनमध्येसुद्धा सकाळी संडासला लाईन, तिथे कसलं डिस्टन्सिंग? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली, बिल्डिंगवाल्यांत १६. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, त्या चाळीतली माणसं पण याच ग्रुपवर आहेत.