निधनवार्तेतला 'आणि'

मावशी गेली त्या रात्री निधनवार्ता लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरात ज्याचं 'बरं लिहिते' असं नाव झालेलं असतं, त्याच्या गळ्यात हे पडतंच. दहा मिनिटांत लिहून दिलं. 'समर्पित शिक्षिका, प्रेमळ माता आणि चर्चच्या निष्ठावंत सेविका, वयाच्या ९१व्या वर्षी प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाल्या.' सगळ्यांना आवडलं, छापूनही आलं. आणि तेव्हापासून ते वाक्य मला टोचतंय.

खोटं त्यात काहीच नाही. पण नाव बदललं तर कुठल्याही चर्चमंडळीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईंना ते तसंच्या तसं चालेल. शिवाय तो 'आणि'! शिक्षिका, माता आणि सेविका. जणू एकाच देठाला तिन्ही आपोआप लागलेले.

आपोआप कसले? शिक्षिका आणि आई ह्या दोन शब्दांच्या मध्ये 'आणि' घालायला बायकांना किती झगडावं लागलं हे आपण विसरून गेलोय. लग्न केलं म्हणून शिक्षिकेला घरी पाठवायचं नाही, हे इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याने ठरलं ते १९४४ साली. आयर्लंडमध्ये लग्न झालेल्या प्राथमिक शिक्षिकांवरची बंदी उठली १९५८ मध्ये. तेव्हा मावशी शिकवायला लागलेली होती. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या शाळामंडळाचा नियम होता की गरोदर शिक्षिकेने बाळंतपणाच्या पाच महिने आधीच बिनपगारी रजेवर जायचं, आणि मूल तीन महिन्यांचं झाल्यावर जे सत्र सुरू होईल त्याआधी परत यायचं नाही. जो कॅरल लाफ्लूर नावाची शिक्षिका कोर्टात गेली. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला. त्याच निकालात व्हर्जिनियातल्या चेस्टरफील्ड काउंटीच्या शाळामंडळाचंही प्रकरण होतं. तिथल्या एका सदस्याने दिलेलं कारण निकालपत्राच्या तळटीपेत आहे. पोटुशी बाई वर्गात बरी दिसत नाही, कारण काही मुलं म्हणतात, आमच्या बाईंनी कलिंगड गिळलंय.

हे मी मावशीला एकदा वाचून दाखवलं होतं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "मला तर टेबलामागे उभं राहायला सांगितलं होतं." सातवा महिना होता. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, फळ्याकडे फार जाऊ नका, टेबलामागूनच शिकवा. ही ऐकणारी नव्हती, असं मला लिहायला आवडलं असतं. पण तिने ऐकलं. दोन महिने ती टेबलामागे उभी राहिली आणि फळ्यावर लिहायला वर्गातल्या मुलींना पाळीपाळीने पाठवलं. त्यातली एक पुढे शिक्षिका झाली आणि दफनविधीला आली होती, पण ते जाऊ दे.

'प्रेमळ माता' हा दुसरा शब्द. माझ्या मावसभावाने शवपेटीशेजारी उभं राहून मला हळूच सांगितलं, "सगळ्या जगाची बाई होती ती. आमची आई रात्री नऊनंतर." कडवटपणे नाही म्हणाला. नऊपर्यंत वह्या असायच्या, किंवा कुणाचं तरी रडगाणं दारात आलेलं असायचं. तिची मुलं तिच्याच शाळेत होती, आणि शाळेत तिला 'बाई' म्हणायचं अशी सक्त ताकीद. मावसबहीण एकदा तापाने फणफणली होती आणि मध्यरात्री "बाई, पाणी" म्हणाली. ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगतात. मावशी मात्र ती कधीच सांगायची नाही. कुणी सांगायला लागलं की उठून आत जायची.

तिसऱ्या, 'सेविका' ह्या शब्दावर मात्र मला जरा भांडायचंय.

संडे स्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, ही सेवा, आणि सेवा म्हणजे फुकट, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला हे काम सुरू केलं. मुलं आठवडाभर कामाला जुंपलेली, रविवारी रस्त्यावर मोकाट. त्यांना वाचायला शिकवायचं होतं. त्याने आसपासच्या चार बायका गाठल्या. चौघीही आधीपासून वाचन शिकवायच्या शाळा चालवणाऱ्या. आणि प्रत्येकीला रविवारच्या दिवसाचा एक शिलिंग ठरवला. तसं त्याने स्वतःच्या पत्रात लिहून ठेवलंय. म्हणजे रेक्सच्या त्या संडे स्कूलच्या शिक्षिका पगारी होत्या! बिनपगारी मंडळी नंतर आली. त्यामागे श्रद्धा होती हे मला मान्य आहे. पण काम तेच राहिलं आणि मोबदला गेला, तसं त्या कामाचं मोजमापही गेलं.

मावशीने ५२ वर्षं संडे स्कूल घेतलं. वर्षाचे ४५ रविवार धरा, दर रविवारी तयारीसकट तीन तास. सात हजार तासांच्या वर जातं. ह्यात नाताळचं नाटक नाही, आजाऱ्यांच्या भेटी नाहीत, दफनविधीनंतर मागे राहून खुर्च्या लावणं नाही. चर्चच्या वार्षिक अहवालात छपराच्या दुरुस्तीचा पैन् पै हिशेब असतो. हिचं नाव एका ओळीत असायचं, 'व इतर भगिनी' ह्यांच्यासोबत.

तिला हे असं मोजलेलं खपलं नसतं, ठाऊक आहे मला. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, हे बायबलातलं वचन ती वाक्यागणिक म्हणायची. पण मावशी, ते देणाऱ्याला सांगितलंय गं. घेणाऱ्याने विसरून जावं असं कुठे म्हटलंय?

दफनाच्या वेळी आणखी एक वाक्य तीन-चारदा कानावर आलं. "सेवा केली म्हणून एवढं आयुष्य लाभलं." ह्याला शास्त्राचा आधार असल्यासारखंही काही जण बोलतात, आणि तो कुठून येतो ते मला माहीत आहे. डेव्हिड स्नोडन ह्या संशोधकाने १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका संघाच्या नन्सचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यात ६७८ जणी आल्या, सगळ्या पंचाहत्तरीच्या पुढच्या, बहुतेक जणी आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या. तरुणपणी त्यांनी लिहिलेली छोटी आत्मचरित्रं मठात जपून ठेवलेली होती. ज्यांच्या लिखाणात आनंद, कृतज्ञता, उमेद जास्त होती त्या सरासरीने जास्त जगल्या, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. सुंदर अभ्यास आहे. पण तो नन्सचा का, हे बघा. कारण त्यांची आयुष्यं एकसारखी होती: एकसारखं जेवण, एकसारखं घर, एकसारखे डॉक्टर. आणि मुलंबाळं नाहीत. आमच्या मावशीसारखीचा असा अभ्यास करायचा तर कुठून सुरुवात करणार? तापाची मुलं उशाशी घेऊन पेपर तपासणाऱ्या बाईला कुठल्या रकान्यात घालणार?

ती ९१ वर्षं जगली ह्यात तिच्या आईकडून आलेल्या चिवट हाडांचा वाटा असेल, नशिबाचा असेल. सेवेने आयुष्य वाढतं म्हणणं म्हणजे कामाचे पैसे चुकते केल्यासारखं आहे. घे, दिली ना जास्तीची वर्षं! शेवटच्या दहा वर्षांत ती थकली होती, हे त्या वाक्यात येत नाही. पायऱ्या चढताना मध्येच थांबून "भिंत किती छान रंगवलीय" म्हणायची. रंग तोच जुना असायचा.

परवा मावसबहिणीने मावशीच्या कपाटातली एक वही मला दिली. लांबट, हिशेबाची असते तशी. संडे स्कूलच्या मुलांची नावं, वर्षवार, आणि नावापुढे बारीक अक्षरात एकेक ओळ. 'डोळे बारीक करून बघतो. पुढे बसवणे. घरी चष्म्याचं बोलणे.' 'आई दवाखान्यात. पाठांतर विचारू नये.' 'मारकुटा नाही, घाबरतो.' एका नावापुढे नुसतं 'हसली' आणि तारीख. पानंच्या पानं असं.

मला ते वाक्य परत लिहायला मिळालं असतं, तर ती सगळी विशेषणं काढून ह्यातल्याच चार ओळी छापल्या असत्या. लोकांना वाटलं असतं, ही काय निधनवार्ता झाली? वाटू दे. तिला ओळखणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळलं असतं कोण गेलं.

वहीत मीही आहे. वय ९. 'वचनं चांगली पाठ. गाताना नुसते ओठ हलवते. तिला वाटतं मला दिसत नाही.'