हुकूम, इमान आणि पॅलाडिन डान्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

खाली चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण लिहिता लिहिता वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'फॉलआउट' या व्हिडिओ गेमच्या मालिकेत ब्रदरहुड ऑफ स्टील या, तंत्रज्ञान गोळा करणाऱ्या लष्करी संघटनेत फूट पडते, तेव्हा खेळाडूनं निष्ठा पाळावी की तत्त्व, हा विषय होता. 'फॉलआउट ४' मध्ये ब्रदरहुडच्या पॅलाडिन (वरच्या हुद्द्याचा सैनिक) डान्सला मारायचा हुकूम येतो, तेव्हा त्याला जिवंत सोडावं, असं मी म्हटलं होतं. (डान्स हे त्या माणसाचं आडनाव आहे, नाचाशी संबंध नाही. हाही प्रश्न आला होता.) त्यावर एका वाचकांनी लिहिलं: "हुकूम न पाळणं म्हणजे तत्त्व नव्हे, ती गद्दारी. ज्याला हुकूम पाळता येत नाही त्यानं ब्रदरहुडमध्ये जाऊच नये. खरी निष्ठा आउटकास्टांची. पॉवर आर्मरच्या प्रशिक्षणाबद्दल चुकीचं लिहिलंय. लेखकानं गेम अर्धवट खेळलेला दिसतो." (आउटकास्ट म्हणजे ब्रदरहुडमधून फुटून निघालेला गट, आणि पॉवर आर्मर म्हणजे यांत्रिक चिलखत.)

आधी माझी चूक. 'फॉलआउट ३' मध्ये पॉवर आर्मर घालायचं प्रशिक्षण फक्त सिटाडेल या ब्रदरहुडच्या तळावरच्या पॅलाडिन गनीकडूनच मिळतं, असं मी लिहिलं होतं. 'ऑपरेशन: अँकरेज' हे २००९ चं ॲड-ऑन (गेमला जोडलेला जादा भाग) पूर्ण केलं तरी ते मिळतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आपले आभार, मनापासून.

पण "अर्धवट खेळलेला" कशावरून? २००८ साली तिसरा भाग आला तेव्हापासून मी या मालिकेत आहे. ज्या मोहिमेवरून हा वाद चाललाय ती 'ब्लाइंड बिट्रेयल' मी सगळ्या शेवटांनी संपवली आहे, डान्सला मारूनसुद्धा. एका ॲड-ऑनबद्दलचं वाक्य चुकलं म्हणून माणसानं गेमच खेळला नाही, हे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. हेच "इथे एक दुरुस्ती हवी" असं म्हणता आलं असतं. तेवढ्या शब्दांत भागत होतं.

आता "हुकूम न पाळणं म्हणजे गद्दारी" या वाक्याकडे येतो. ऐकायला ते खणखणीत आहे. डान्स लपतो त्या बंकरमध्ये मात्र ते टिकत नाही.

'ब्लाइंड बिट्रेयल' सुरू होते 'लिबर्टी रीप्राइम्ड' या मोहिमेनंतर. इन्स्टिट्यूट ही सिंथ, म्हणजे हुबेहूब माणसासारखे कृत्रिम मानव, बनवणारी गुप्त संस्था. तिथून आणलेल्या माहितीत ब्रदरहुडच्या प्रॉक्टर क्विनलनला पळालेल्या सिंथांची नोंद सापडते. त्यातल्या एम७-९७ चा डीएनए डान्सशी जुळतो, म्हणजे डान्सच सिंथ निघतो. ब्रदरहुडचा प्रमुख, एल्डर मॅक्सन, तुम्हाला बोलावून सांगतो, त्याला शोधून संपव. मग डान्सच्या तुकडीतली स्क्राइब हेलन तुम्हाला गाठते आणि निदान त्याचं म्हणणं ऐकून घ्या, अशी गळ घालते. तिच्याकडूनच लिसनिंग पोस्ट ब्राव्हो या बंकरचा पत्ता मिळतो. तिथली पहारा देणारी यंत्रं निकालात काढायची, लिफ्टनं खाली उतरायचं, आणि समोर डान्स उभा असतो.

आणि तो काय म्हणतो? पळून जाऊया म्हणतो? मॅक्सन चुकतोय म्हणतो? नाही. तो म्हणतो, हुकूम बजाव. सिंथ हा धोका आहे आणि धोका संपवायचा, हे ब्रदरहुडचं तत्त्व तो स्वतःलाही लावतो. त्या खोलीत निष्ठा आणि तत्त्व दोन्ही एकाच बाजूला, बंदुकीच्या बाजूला उभे असतात. त्याला वाचवायचं तर तुम्हाला मॅक्सनचा हुकूमही मोडावा लागतो आणि खुद्द डान्सचं तत्त्वही खोडून काढावं लागतं. तुमच्या व्याख्येप्रमाणे या प्रसंगात सर्वांत निष्ठावान माणूस डान्सच, आणि त्यालाच गोळी घालायची आहे. एका ओळीत निकाल देण्याआधी एवढं तरी लक्षात घ्यायचं होतंत.

खाली त्याचं मन वळवून वर आलात की बाहेर मॅक्सन स्वतः उभा असतो. इथे संवादाचे अवघड पर्याय येतात, म्हणून लिफ्टनं वर येण्याआधी सेव्ह करा आणि करिश्मा (मन वळवायची ताकद) वाढवणारे कपडे अंगावर चढवा. पर्याय फसला तर डान्स मरतो. जमला तर मॅक्सन काय करतो, ते नीट पाहा. डान्स मेला आणि तो तुमच्या हातून मेला, असं तो जाहीर करतो. डान्सनं प्रिडवेन या ब्रदरहुडच्या हवाई जहाजावर पाय ठेवायचा नाही की ब्रदरहुडमधल्या कुणाशी बोलायचं नाही. तुम्हाला पॅलाडिन हे पद मिळतं आणि डान्सची खोलीही. खरंच मारलं असतंत तरी हेच मिळालं असतं. म्हणजे ज्याचा हुकूम मोडणं तुमच्या मते गद्दारी, तो एल्डरच स्वतःच्या हुकमाबद्दल खोटं बोलून मोकळा होतो. या गद्दारीची नोंद कुणाच्या नावावर करायची?

'न्यू वेगस' (२०१०) या मालिकेतल्याच गेममध्ये हीच गोष्ट उलटी मांडली आहे. हिडन व्हॅलीतल्या ब्रदरहुडच्या बंकरमध्ये एल्डर मॅकनामारानं सगळ्यांना कोंडून ठेवलंय आणि पॅलाडिन हार्डिनला त्याची जागा हवी आहे. हार्डिन बंड करत नाही. तो कोडेक्स या ब्रदरहुडच्या नियमग्रंथातला नियम काढतो. हुकूम एकेक पायरीनं खाली उतरला पाहिजे, मधल्या अधिकाऱ्याला डावलून खालच्याला परस्पर हुकूम देता येत नाही. मॅकनामारानं हा नियम मोडल्याचं दाखवून तो एल्डर होतो. सगळं अगदी नियमानुसार. पुढे मात्र एनसीआर या ब्रदरहुडच्या शत्रू राज्याशी समेट घडवायला गेलात की हार्डिन ठाम नकार देतो. तो समेट मॅकनामारा एल्डर असेल तरच होतो. त्यामुळे ही 'स्टिल इन द डार्क' मोहीम करताना घाई करू नका. मॅकनामाराच्या बाजूनं राहिलात तर वॉल्ट (भूमिगत आश्रयस्थानं) ३, ११ आणि २२ मधून हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे सुटे भाग आणायची कटकट आहे, आणि वॉल्ट ३ मध्ये फीन्ड्सची टोळी बसलेली असते, हे खरं. तरी ती कटकट परवडते. नवख्यांची दिशाभूल टाळण्यासाठी हे इथेच सांगून ठेवतो.

आउटकास्टांबद्दल फार बोलत नाही. 'फॉलआउट ३' मधल्या एल्डर लायन्सनं लॉस्ट हिल्स या ब्रदरहुडच्या मुख्यालयाचा मूळ हेतू सोडला म्हणून कॅसडिन माणसं घेऊन बाहेर पडला, आर्मर काळंतांबडं केलं, इथवर तुमचं बरोबर. पण त्याच 'अँकरेज'चा शेवट आठवा. आउटकास्टांच्या मॅकग्रॉनं तुम्हाला, म्हणजे बाहेरच्या माणसाला, शस्त्रागारातला वाटा कबूल केलेला असतो. दार उघडतं आणि त्याचाच माणूस सिब्ली त्याच्यावर उलटतो, कारण बाहेरच्याला तंत्रज्ञान द्यायचं नाही हे तत्त्व. तत्त्वासाठी फुटलेले लोक दिलेल्या शब्दावरून पुन्हा फुटले. दाराजवळ जाण्याआधी सेव्ह केलं नसेल तर त्या गोळीबारात पहिल्याच मिनिटाला जाल, तत्त्वासकट. (आत ठेवलेलं बर्फाळ टी-५१बी आर्मर एका बगमुळे जवळपास झिजतच नाही. प्रशिक्षणाच्या मुद्द्यावर तुम्ही जिंकलात, त्याबद्दल ही भेट समजा.)

"ब्रदरहुडमध्ये जाऊच नये" यावर काय बोलणार? डान्स हा साथीदार ब्रदरहुडच्याच वाटेनं मिळतो. 'मास फ्युजन' मोहिमेच्या वेळी इन्स्टिट्यूटची बाजू घेतलीत आणि तोवर 'ब्लाइंड बिट्रेयल' झालेली नसेल, तर तो कायमचा शत्रू होतो. त्याच्याशी पूर्ण जवळीक झाल्यावर मिळणारा, फेरल घूल, सुपर म्युटंट आणि सिंथ या शत्रूंवर २० टक्के जास्त मारा करणारा पर्कही (खास गुणही) मग गेला. मोहीम आधी उरकून त्याला वाचवलं असेल, तर पुढे ब्रदरहुडशी उभा दावा मांडलात तरी तो तुमच्यासोबत राहतो.

बाकीचे मुद्दे, म्हणजे माझी भाषा, लेखाची लांबी वगैरे, सोडून देतो. पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी एक करा. 'लिबर्टी रीप्राइम्ड'नंतरचं सेव्ह उघडा, बंकरमध्ये उतरा, बंदूक खाली ठेवा आणि डान्सचं बोलणं एकही ओळ न गाळता शेवटपर्यंत ऐका. स्किपचं बटण न दाबता.