कार्डारीनवाल्या मेसेजबद्दल खुलासा

पोलीस भरतीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राह्यला, का कार्डारीन नावाचं प्रयोगातलं औषध घेतलं का १६०० मीटरचा दम आपोआप वाढते, स्टिरॉइड नाही, लॅबमध्ये सिद्ध हाये. स्टिरॉइड नाही एवढंच खरं. बाकी भाऊ, सिद्ध झालं ते उंदरावर, २००८ मध्ये अमेरिकेच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये, अन् त्यातही जे उंदीर औषधासोबत रोज पळवले त्यायचाच दम वाढला, नुसतं औषध खाऊन बसले त्यायचा नाही. हे पेशीच्या केंद्रकातल्या पीपीएआर-डेल्टा रिसेप्टरला, म्हणजे जीन्स चालू-बंद करणाऱ्या एका प्रथिनाला, चिकटते अन् चरबी जाळणारे जीन्स चालू करते, म्हणून चयापचय अन् सुजेवरच्या प्रयोगात वापरतात, त्यात वावगं काही नाही. पण औषध म्हणून कंपनीनंच सोडून देल्लं, जनावरायवरच्या चाचण्यात बऱ्याच अवयवायत कॅन्सरच्या गाठी निघाल्या, अन् २०१३ मध्ये वाडानं, म्हणजे डोपिंग पकडणाऱ्या जागतिक संस्थेनं, खेळाडूंना सरळ इशारा देल्ला. असा माल 'फक्त संशोधनासाठी' असं बारीक अक्षरात लिहून इकतात, मेसेजातल्या फोटोत बाटलीचा तेवढाच भाग बरोब्बर कापला हाये! अन् 'शुगरची गोळी बी याच घराण्यातली' म्हणणाऱ्यायनो, ते शुगरचं औषध, पायोग्लिटाझोन, याच घराण्यातल्या दुसऱ्या, गॅमा रिसेप्टरवर चालते, अन् ते बी डॉक्टरनं लिहून देल्लं तरच घ्याचं असते.